हागबार्तचा रविवार

सोमवार, ५ नोव्हेंबर

तेर्नोयच्या धक्क्यावर उतरले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता. बोटीने इतकं हलवलं की पोटात सकाळची कॉफीसुद्धा उरली नाही. एइलेर्त दोर धरून उभा होता. वय एक्याऐंशी. धक्क्याची, बंद दुकानाची आणि इतरांच्या भानगडींची किल्ली याच्याकडेच असते.

“या वेळी काय आणलंस, सुन्निवा?”

“काही नाही. या वेळी विचारायला आलेय.”

“अरे वा! पालिकेला कान आले म्हणायचे.”

हा टोमणा सायकलींबद्दल होता. चार वर्षांपूर्वी पालिकेने कोणाला न विचारता म्हाताऱ्यांच्या आरोग्यासाठी व्यायामाच्या दोन सायकली इथे पाठवल्या. एकीवर कास्पारा मासे वाळत घालते, दुसरी कुठे गेली ते कोणी सांगत नाही. त्या सायकलींची शिफारस मी लिहिली होती हे इथे कोणाला माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून या वेळी आधी विचारायचं, मग द्यायचं. सहा घरं, सात माणसं, तीन आठवडे. प्रत्येकाने स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा. दुसऱ्याच्या वतीने भरलेला फॉर्म बाद. हा नियम माझा आहे आणि मला तो अजून आवडतो. यंदाच्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या बेटांपैकी एकाला राहती मदतनीस मिळणार आहे. तेर्नोयची गरज कागदावर आली तर ती इथे येईल, नाहीतर दुसरीकडे जाईल. इतकं सोपं आहे.

मुक्काम बंद पडलेल्या शाळेत. जाता जाता एइलेर्त म्हणाला, “सकाळी सातला पडदा वर घे. विसरू नकोस.”

“का?”

“नाहीतर आम्हाला यावं लागेल.”

बुधवार, ७ नोव्हेंबर

दोन दिवस दारोदार फिरले. मिळकत शून्य.

एइलेर्तला काही नको. कास्पाराला काही नको. दोघे अविवाहित भाऊ, पेदर आणि निल्स-अंतोन, यांनाही काही नको. मेंढ्या पाळणारे रेइदुन आणि सिगवाल्द तर मी काही विकायला आल्यासारखे दारातच उभे राहिले. स्वतःचं विचारलं की ही माणसं मिठाची गुळणी धरतात. शेजाऱ्याचं विचारलं की धबधबा सुरू. एइलेर्तला ऐकू येत नाही असं कास्पारा सांगते, कास्पारा रात्री खोकते असं भाऊ सांगतात.

“मग तिने स्वतः लिहावं की,” मी म्हटलं.

“स्वतःसाठी तोंड वेंगाडायचं?” पेदर म्हणाला. “त्यापेक्षा खोकलेलं बरं.”

मी वहीत लिहिलं: गरज व्यक्त केली नाही.

सगळ्यात टोकाचं घर ओलाउगचं. चौऱ्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी. वाटेवर आधाराला दोर बांधलाय, तरी हातात काठी. तिच्या टोकाला बर्फासाठी लोखंडी अणी आहे. दगडावर टेकली की टक्क वाजते. घरातसुद्धा ती काठी घेऊनच हिंडते.

“पाय कसे आहेत, ओलाउगआजी?”

“दोन आहेत. मोजून घे.”

“फॉर्ममध्ये काही लिहू का?”

“मला काही नको गं पोरी. मी ठणठणीत आहे. हागबार्तला विचार, तो समोरच राहतो.” मग मला मुरांब्याची बरणी दिली. दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा, यंदाचाच. चिठ्ठीवर लाल सुतारपेन्सिलीने वर्ष घातलंय. अक्षर डावीकडे कललेलं, वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखं. फारच छान मुरांबा. अर्धी बरणी आजच संपली, लाज वाटते.

हागबार्तचं नाव माझ्या यादीत नाही. सातही माणसं भेटली, घरं मात्र पाचच झाली. मग ओलाउगच्या समोरच्या सहाव्या घरात राहतं कोण?

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

पडद्यांचं प्रकरण कळलं. घरं खाडीच्या वळणावर अशी वसली आहेत की मधल्या खडकांमुळे प्रत्येकाला फक्त पुढचं एक घर दिसतं. सकाळी सात ते साडेसात प्रत्येकाने स्वयंपाकघराचा पडदा वर घ्यायचा. पुढच्याचा पडदा वर दिसला की माणूस ठीक. नाही दिसला तर बूट घालून निघायचं. शंभर वर्षं हे चाललंय. माझ्या कार्यालयात याला ‘देखरेख यंत्रणा’ म्हणतील आणि तिच्यावर चार बैठका घेतील.

हागबार्तच्या घरी गेले. दार उघडंच होतं. हाक मारली. कोणी नाही. चुलीला हात लावला तर कोमट. टेबलावर एकच कप, पालथा. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. खिडकीतून ओलाउगचं घर दिसतं, आणि ते इथूनच दिसतं, दुसरीकडून नाही. मी उगाच पाच मिनिटं त्या खुर्चीत बसले. मग पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटायला लागलं म्हणून उठले.

परत येताना कास्पारा भेटली. ती माझ्याच वयाची, जिभेला हाड नाही.

“हागबार्त घरी नव्हता,” मी म्हटलं.

“कसा असेल? दोन वर्षांपूर्वी बोट परत आली, तो नाही आला.”

“अगं, पण चूल गरम आहे!”

“थंडी आहे ना,” कास्पारा म्हणाली आणि मासे उलटवायला लागली.

मी सत्तावन्न वर्षांची बाई आहे, समुद्राकाठी वाढलेली. असल्या गोष्टींनी मला काही होत नाही. आज मात्र शाळेचं दार आतून लावून घेतलं.

रविवार, ११ नोव्हेंबर

सव्वासातला मुद्दाम मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत चालत गेले. हागबार्तचा पडदा वर होता. बघता बघता आतला दिवा विझला. कोणी बाहेर आलेलं दिसलं नाही. अर्थात दार पलीकडच्या बाजूला आहे.

सोमवार, १२ नोव्हेंबर

सकाळी दाराखालच्या फटीतून सरकवलेला फॉर्म सापडला. नावाच्या जागी ‘हागबार्त’. घर पाचवं. गरजेच्या चौकटीत लाल पेन्सिलीने लिहिलंय:

‘ओलाउग सांगणार नाही. तिचे पाय सप्टेंबरपासून गेले. तिला रविवारी कोणीतरी हवं. बाकीचे दिवस निभावतील.’

दाराची कडी पुन्हा तपासली. मग राग आला. फॉर्म घेऊन तडक एइलेर्तकडे गेले. योगायोगाने सगळेच तिथे कॉफीला बसले होते. ओलाउग तेवढी नव्हती.

“ही थट्टा कोणाची?”

फॉर्म हातोहात फिरला. कोणी हसलं नाही. त्यामुळे मला जास्तच कसंतरी झालं.

“हागबार्त लिहायचा नाही,” निल्स-अंतोन म्हणाला. “नाताळच्या पत्रावरसुद्धा माशाचं चित्र काढायचा.”

“त्याच्या घरात पडदा कोण वर घेतं? खरं सांगा.”

 मग एइलेर्तने सांगितलं. हागबार्त गेला आणि साखळीतलं एक घर तुटलं. ओलाउगची खिडकी दुसऱ्या कुठून दिसत नाही. मग सहा जणांनी सहा वार वाटून घेतले. सातला जायचं, चूल पेटवायची, पडदा वर घ्यायचा आणि ओलाउगचा पडदा बघून यायचं. ओलाउगला वार दिला नाही, या वयात तिला कशाला त्रास.

“सहा वार,” मी म्हटलं. “आणि रविवारी?”

एइलेर्तने रेइदुनकडे पाहिलं, रेइदुनने भावांकडे.

“रविवारी वर असतो,” सिगवाल्द म्हणाला.

“वर असतो म्हणजे? घेतं कोण?”

“आम्हाला वाटलं कास्पारा.”

“मी? मला वाटलं तुम्ही!” कास्पारा म्हणाली.

दोन वर्षं एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ‘मी करतो’ किंवा ‘मी करत नाही’ असं स्वतःबद्दल बोलावं लागलं असतं ना! शेवटी पेदरने विषय संपवला. “रविवार हागबार्तचा. घर त्याचं आहे, एक दिवस त्यानेही करावं.” या वेळी सगळे हसले, पण उठायची घाई झाली सगळ्यांना.

फॉर्म मी बाद फायलीत लावला. दुसऱ्याच्या वतीने भरलेला, शिवाय मयताच्या नावाने. नियम म्हणजे नियम.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

कार्यालयातून फोन. गरज नाही असं दिसत असेल तर तसा अहवाल दे, दुसऱ्या बेटाचे लोक रोज फोन करताहेत. मी आठवडाभर थांबा म्हणाले. का ते मलाच कळलं नाही.

थंडी एकदम वाढली. आधी पाऊस, मग सगळं गोठलं. वाटेवर काचेसारखा थर बसलाय. ओलाउगकडे पुन्हा गेले, पुन्हा तेच. मात्र निघताना तिने विचारलं, “हागबार्तचा कागद मिळाला का गं?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“इथे वारा सांगतो. मग? त्याचं ऐकणार ना पालिका?”

“आजी, मेलेल्या माणसाचा फॉर्म चालत नाही.”

“असं,” ती म्हणाली. काठीची मूठ पुसत म्हणाली, “त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. तो कधी खोटं बोलला नाही.”

बिचारी. वयामुळे भ्रम होतो.

परतताना कास्पारा भेटली. ती म्हणाली, “तिकडे किनाऱ्यावर तुझा पडदा कोण बघतं, सुन्निवा?” मी म्हटलं, माझ्याकडे पडदेच नाहीत, झडपा आहेत. यावर तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, आणि ते मला फार झोंबलं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

ठरवलं. उद्या सहाला हागबार्तच्या घरात जाऊन बसायचं आणि रविवारचा हा कोण ते बघायचं. पडदा खालीच ठेवायचा. आत माणूस आहे असं दिसलं तर तो येणारच नाही. रेइदुनला सांगून ठेवलंय, उद्या पडदा वर दिसला नाही तर धावाधाव करू नका, आत मी आहे. ओलाउगला सांगितलं नाही. तिला आधीच भ्रम आहेत, त्यात भर नको.

रेइदुन म्हणाली, “ज्याला समुद्राने परत दिलं नाही तो ठोठावतो म्हणतात. दोनदा. आपण उघडायचं नाही.”

“तू उघडतेस का?”

“माझ्याकडे कोणी ठोठावलंच नाही अजून.” तिने मला फिशकेक, माशाच्या तळलेल्या वड्या, बांधून दिल्या. भुताची गोष्ट आणि शिदोरी एकाच हाताने देणारी माणसं ही.

रविवार, १८ नोव्हेंबर, हागबार्तच्या घरी

सहा वाजून दहा मिनिटं. चूल पेटवली नाही, धूर दिसेल. एक मेणबत्ती खाली जमिनीवर ठेवलीय, तिच्या उजेडात लिहितेय. श्वासाची वाफ दिसते. पालथा कप तसाच आहे.

साडेसहा. एक फिशकेक खाल्ला. दाताखाली कुरकुर इतकी मोठी वाजली की दुसरा ठेवून दिला.

सहा पन्नास. बाहेर आवाज. पावलं नव्हेत. टक्क. मग काही नाही. मग टक्क. पुन्हा काही नाही. जवळ येतंय असं वाटलं.

सहा पंचावन्न. काहीतरी जोरात पडलं किंवा घसरलं. छपरावरचा बर्फ असेल. छपरावर बर्फ आहे का ते येताना पाहिलं नाही.

सात. सगळं शांत आहे. 

सात दहा. टक्क टक्क. दोनदा. दगडावर लोखंड आपटल्यासारखं. थांबलं. पुन्हा दोनदा. दार दहा पावलांवर आहे. रेइदुनचं ते दोनदा आठवलं. मी पडद्याची दोरी हातात धरली होती. खरंच धरली होती. सोडून दिली. ओढली तर तो काचेपाशीच उभा असेल असं वाटलं.

सात वीस. अजून दोनदा, पण हळू. प्रार्थना म्हटली. मध्येच ओळ विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

आठ. बराच वेळ झाला, काही नाही. गेला. कोणीही आलं नाही, पडदा कोणीही वर घेतला नाही. म्हणजे मागच्या रविवारचा तो पडदा आणि दिवा कोणाचीतरी चेष्टाच होती, बाकी सगळं सांगोवांगीचं. जिंकले म्हणायचं. 

आठ पस्तीस. पडद्याच्या कडेने उजेड आला. आता घेते वर आणि

मंगळवार, २० नोव्हेंबर

ओलाउग काल संध्याकाळी किनाऱ्यावरच्या रुग्णालयात वारली.

रविवारी पडदा वर घेतला तेव्हा ती हागबार्तच्या दारापासून वीस पावलांवर पडलेली दिसली. एक हात दोरात अडकलेला, दुसऱ्या हातात काठी. खुबा मोडला होता. थंडी पार हाडांपर्यंत गेली होती, पण शुद्ध होती. मी अंगावरचं सगळं काढून तिच्यावर घातलं आणि ओरडत राहिले. सिगवाल्द आणि भावांनी तिला बिजागरीतून काढलेल्या दारावर घालून धक्क्यापर्यंत नेलं. बोट यायला पन्नास मिनिटं लागली. तोपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

ती म्हणाली, “पडद्याखाली उजेडाची रेघ दिसत होती गं. मी म्हटलं, हागबार्त असेल. तो ऐकेल. म्हणून वाजवत राहिले.”

मी होते असं मला तिला सांगता आलं नाही. मी नुसती तिचे हात चोळत राहिले.

रेइदुनने सव्वासातला पाहिलं होतं की पडदा खाली आहे. आत सुन्निवा आहे म्हणून ती निवांत बसली. मीच तसं सांगितलं होतं.

बुधवार, २१ नोव्हेंबर

सकाळी उठले नाही. साडेसातला दार वाजलं. एइलेर्त होता, त्याच्यामागे कास्पारा, तिच्यामागे बाकी सगळे, कोटांखाली झोपेचे कपडे.

“पडदा,” एइलेर्त म्हणाला.

कोणीही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. कास्पाराने कॉफी टाकली, पाव कापला आणि टेबलावरची मुरांब्याची बरणी उघडायला घेतली. मी ती हातात घेतली आणि तशीच राहिले. लाल पेन्सिल. डावीकडे कललेलं अक्षर. पंधरा दिवस ती बरणी माझ्या टेबलावर होती आणि तो कागद बाद फायलीत, त्याच टेबलावर.

फाइल उघडून मी दोन्ही शेजारी ठेवले. सगळे वाकून बघत राहिले.

“म्हणजे ती दर रविवारी चालत यायची,” पेदर म्हणाला. “आपण तिला वार दिला नाही म्हणून तिने उरलेला घेतला.”

“आणि आपण पडदा वर बघून म्हणायचो, ओलाउग ठीक आहे,” निल्स-अंतोन म्हणाला. “ठीक होतीच की. घेत होती ना पडदा.”

पाय गेल्यावर तिला ते झेपेनासं झालं, तरी ती येत राहिली. पण मला जमत नाही असं कसं म्हणायचं? मग तिने हागबार्तला म्हणायला लावलं, आणि तो कागद काठी टेकत शाळेपर्यंत आणून टाकला. आणि मी तिला तोंडावर सांगितलं की मेलेल्या माणसाचा फॉर्म चालत नाही. बेट मला मुकं वाटत होतं. ते पहिल्या दिवसापासून मला सांगत होतं आणि मी नियम धरून बसले होते. मला माझीच शिसारी येते.

अहवाल लिहिला. ‘मागणी कोणाची’ या चौकटीत लिहिलं: ओलाउगची, हागबार्तच्या नावाने. ‘गरज’ या चौकटीत: रविवारी कोणीतरी. त्याखाली प्रत्येकाबद्दल त्याच्या शेजाऱ्याने जे सांगितलं ते सगळं लिहिलं. एकही फॉर्म बाद केला नाही. रविवारी सकाळी मी कुठे बसले होते तेही लिहिलं.

दुपारी कास्पारा आणि मी ओलाउगचं घर आवरलं. चूल विझवली, पाणी बंद केलं, पडदा मी स्वतः खाली ओढला. कुलूप लावून किल्ली मी घेतली, तिच्या भाचीला द्यायची आहे.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

फोन आला. मदतनीस तेर्नोयला येणार, जानेवारीपासून. एइलेर्तला सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, “ओलाउगला हे कळायला हवं होतं.” मग बराच वेळ आम्ही दोघं दोर गुंडाळत बसलो.

रविवार, २५ नोव्हेंबर

उद्याची बोट. आजचा रविवार मी मागून घेतला. ‘मला द्या’ असं सरळ म्हटलं. या बेटावर असं म्हणणारी मी पहिलीच असेन.

पावणेसातला हागबार्तच्या घरी गेले. वाटेवर त्या जागेपाशी थांबले. चूल पेटवली, दिवा लावला, पालथा कप सुलटा करून कॉफी ओतली. सातला पडदा वर घेतला.

समोर ओलाउगच्या घरात अंधार होता. पण पडदा वर होता.

कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली होती. नंतर सहाही जणांना विचारलं. सगळे नाही म्हणाले, आणि या वेळी कोणी चेष्टा केली नाही. कास्पारा तेवढी म्हणाली, “रविवार आहे ना.”

त्या वेळी खिडकीशी मात्र मी घाबरले नाही. कोण आहे ते शोधायलाही गेले नाही. दिवा काचेजवळ आणून ठेवला, तिकडून नीट दिसेल असा, हात वर केला, आणि चांगलं उजाडेपर्यंत तिथेच उभी राहिले.